विठोबाशी भांड, पण अबोला धरू नको

चि. ज्ञानू यास,
अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस म्हणून अभ्यासिकेच्या पत्त्यावर लिहिते आहे. का उचलत नाहीस हे विचारायचं नाही, असं ठरवूनच बसले आहे.

तू म्हणालास, "घट बसवले होते ना? उपास होता ना तुझा? मग तेरणेचं पाणी घरात शिरलं तेव्हा तुझी देवी कुठं होती?" मी गप्प राहिले, कारण तुझे बाबा समोर होते आणि फोन स्पीकरवर होता. ते काही म्हणाले नाहीत, उठून रानात गेले. रानात बघण्यासारखं काय उरलंय आता? नदीकाठच्या तुकड्यातली माती खरडून गेली, खालचा मुरूम उघडा पडला. गंजी वाहून गेली आणि जे सोयाबीन उभं होतं त्याच्या शेंगांना कोंब फुटले. पंचनामा झालाय. मिळेल तेव्हा मिळेल.

देवी कुठं होती, ते मला सांगता येणार नाही. तुझ्या अप्पा आजोबांनाही कधी सांगता आलं नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून सगळे उशिरा झोपले, आणि पहाटे चार वाजायच्या आत भूकंपानं किल्लारीपासून आमच्या गावापर्यंत सगळं खाली आलं. उन्हाळ्यात गार राहावं म्हणून दगडमातीच्या रुंद भिंती, वर माळवदाची माती, तेच सगळं झोपलेल्या माणसांवर कोसळलं. तुझी आजी आणि पिंटूमामा एकाच खोलीत होते. अप्पा रानात जागलीला गेले होते, मी औशाला आत्याकडं. म्हणून आम्ही दोघं राहिलो.

पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेल्यावर अप्पांनी टाळाला हात लावला नाही. रात्री बाहेर उभे राहून विठोबाला शिव्या द्यायचे, मोठ्यानं, सगळ्या वस्तीला ऐकू जातील अशा. मला भीती वाटायची, देव कोपेल म्हणून. शेजारची भागामावशी म्हणायची, "बोलू दे गं. बोलतोय तोवर माणूस ठिकाणावर आहे." मग एका रात्री शिव्या देता देताच त्यांनी हरिपाठ धरला. चौघंजण येऊन बाजूला बसले. त्यातल्या एकाच्याही घरी सगळी माणसं उरलेली नव्हती. सकाळी अप्पा दुसऱ्याचे बैल मागून ज्वारी पेरायला गेले.

मी देवाचं बळ म्हणते ते हे, ज्ञानू. गेलेलं काही परत आलं नाही. पण अप्पा उठले. मला शाळेत घातलं, माझं लग्न केलं, तुला खांद्यावर बसवून पंढरपूरला नेलं. ते बळ त्यांच्या एकट्याचं नव्हतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळं तू कितीही वाद घातलास तरी मला खोटं वाटायचं नाही.

आणि तू रागावलास म्हणून तू नास्तिक झालास असं मी धरत नाही. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईनं विठोबाला काय काय म्हटलंय ते वाचून बघ. तिचे ते अभंग लोकांनी सातशे वर्षं जपले, टाकून दिले नाहीत. तूही भांड. रागानं भांड. फक्त अबोला धरू नको. त्याच्याशीही नको, आमच्याशीही नको.

रूमवर एकटा बसून राहू नको. मेसचा डबा आल्या आल्या खा, थंड करून खातोस ते मला माहीत आहे. आंघोळीनंतर दोन मिनिटं हात जोड. तुळशीची माळ पेटीत ठेवली होती, ती गळ्यात घातली तर काही बिघडत नाही. आळंदी पुण्याहून किती लांब आहे? रविवारी जाऊन ये, काही मागू नको, नुसता बसून ये. चांगल्या मुलांच्या संगतीत...

बघ, सुरू झाले मी. राग मानू नको. तू लहान नाहीस. पूर्वपरीक्षा निघाली तेव्हा बाबांनी पारावर जाऊन सगळ्यांना तुझा नंबर वाचून दाखवला होता, ते तुला कोणी सांगितलं नसेल. तो कागद अजून त्यांच्या खिशात असतो. पुरात भिजला, तर चुलीजवळ धरून वाळवला त्यांनी.

वरच्या आळीत श्रावणात काय झालं ते तुझ्या कानावर आलंच असेल. तोही पोरगा घरात कोणाशी बोलत नव्हता. त्याची आई रोज काकड्याला यायची, आता येत नाही, मीच जाऊन बसते तिच्याजवळ. हे मी लिहिणार नव्हते.

वाफसा आला की वरच्या तुकड्यात हरभरा टाकू. बियाणं आत्यानं दिलंय. मेसच्या पैशांची काळजी करू नको, काकांशी बोलले आहे. अभ्यास सोडून कंपनीत लागायचं का, ते दिवाळीला आल्यावर बाबांसमोर बसून बोल. त्यांना पटलं नाही तरी ते ऐकून घेतील. आणि देवाला जे म्हणायचंय ते देवळात उभा राहून म्हण, मी अडवणार नाही.

गुरुवारी रात्री नऊला फोन करते. नाही उचललास तर दहाला परत करीन.

तुझी,
आई