भडंगातले शेंगदाणे

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पेपरात ऑटिझमवर लेख आलेला, चांगला होता, आतल्या पानावर का असेना पण आला. फक्त त्यातलं एक वाक्य काय पचलं नाही, "या मुलांना दुसऱ्याच्या मनातलं कळत नाही". आमच्या घरात असं एक पोरगं आहे, माझा नातू, सहा वर्षांचा. सुनेनं ते वाक्य वाचलं, पेपरची घडी घातली आणि काहीच बोलली नाही, म्हणून मी लिहायला बसलोय.

मी केएमटीचा रिटायर कंडक्टर, डॉक्टर-बिक्टर नव्हे. पण पोराचं निदान झाल्यापासून सून रात्री मोबाईलवर वाचत बसते, सकाळी चहाला मला सांगते, मी उलटसुलट प्रश्न विचारतो, असं करत करत थोडंफार डोक्यात शिरलंय.

ते वाक्य बहुतेक १९८५ च्या लंडनच्या एका टेस्टवरनं आलंय. बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ अशा तिघांनी केलेली. दोन बाहुल्या, सॅली आणि ॲन. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते, मागं ॲन ती काढून डब्यात टाकते, आता सॅली परत आली की गोटी कुठं शोधेल? टोपलीत, कारण तिला बिचारीला काय माहीतच नाही. ऑटिझम असलेल्या २० पोरांपैकी १६ जणांचं इथं चुकलं, त्यांनी डबाच दाखवला. १६ म्हणजे काय कमी नाहीत, मान्य. पण बाकीच्या चौघांनी बरोबर सांगितलं की ओ, ती चार पोरं प्रत्येक लेखात कुठं गायब होतात कुणास ठाऊक. आणि मेन मुद्दा म्हणजे त्या टेस्टमध्ये सॅलीला काय वाटतंय ते विचारलंय, सॅलीला काय पाहिजे हे विचारलेलंच नाही. वाटणं वेगळं आणि पाहिजे असणं वेगळं, एवढं तर आपल्या भाषेतसुद्धा आहे.

'पाहिजे' कळायची सुरुवात आधी होते. १९९७ मध्ये अमेरिकेत बर्कलेला रेपाकोली आणि गोपनिक या दोन बायकांनी अगदी लहान बाळांपुढं दोन वाट्या ठेवल्या, एकीत माशाच्या आकाराची खारी बिस्किटं आणि दुसरीत कच्ची ब्रोकोली (आपल्यात कारलं म्हणा). मग बाईनं बिस्किट खाऊन तोंड वाकडं केलं, ब्रोकोली खाऊन वा वा केलं आणि हात पुढं केला, मला दे म्हणून. १४ महिन्यांच्या बाळांनी बिस्किटच दिलं, मला आवडतं म्हणजे तुलाबी आवडणार. १८ महिन्यांच्यांनी मात्र ब्रोकोली दिली. चारच महिन्यांचा फरक! ही साधी बाळं झाली, आमच्या पोराला ह्यालाच पाच वर्षं लागली. पण लागली म्हणजे आलंच नाही असं नव्हे. २००५ मध्ये पीटरसन, वेलमन आणि ल्यू यांनी ऑटिझमच्या मुलांना असल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या टेस्ट दिल्या, त्यात सगळ्यात सोपी गेली ती हीच, मला एक आवडतं समोरच्याला दुसरं. अडलं ते पुढं, त्या गोटीसारख्या गोष्टीला. ती मुलं वयानं मोठी होती हे पण सांगतो, लपवत नाही.

आता आमच्या घरचं ऐका. नातवाला भडंग लई प्रिय पण त्यातले शेंगदाणे चालत नाहीत, एकेक वेचून ताटाच्या कडेला लावतो, पोलीस परेडसारखे. त्याची आजी रोज म्हणायची, मला शेंगदाणे आवडतात रे. रोज, तोंडानं, मोठ्यांदा. गेल्या वर्षी एका संध्याकाळी त्यानं शेंगदाणे कडेला लावलेच नाहीत, थेट आजीच्या बशीत नेऊन ठेवले. तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ही पदर डोळ्याला लावून आत गेली आणि ते बघून पोरगं घाबरलं, चूक झाली वाटलं असणार.

म्हणजे चेहऱ्यावरनं त्याला कळत नव्हतं, सांगितल्यावर कळलं, आमच्या घरात तरी असंच झालं. मी २८ वर्षं गाडीवर काढली, पायरीवर चढलेल्या माणसाला कुठं जायचंय हे विचारायलाच लागतं, तोंड बघून तिकीट फाडत नाहीत. मग ह्या पोरांनीच तेवढं न सांगता ओळखावं हा कुठला न्याय?

आणि आपलं तरी काय? एकदा रंकाळ्यावर हा माझा हात ओढून रडायला लागला. ही मुलं बोटानं दाखवण्यापेक्षा बऱ्याचदा मोठ्याचा हातच धरून नेतात. मी म्हटलं फुगा पाहिजे असेल, घेतला, जास्तच रडला. भेळ घेतली, सांडली. आजूबाजूची माणसं बघतायत, एक बाई तर म्हणाली लाडावून ठेवलंय. शेवटी कळलं की शेजारचा एकजण पिपाणी वाजवत होता आणि ह्याला तिथनं लांब जायचं होतं, बस्स. अर्धा तास मला दुसऱ्याच्या मनातलं कळलं नाही, माझी टेस्ट कोण घेणार? डेमियन मिल्टन म्हणून एकजण आहे, स्वतः ऑटिझम असलेला, त्यानं २०१२ मध्ये हेच मांडलंय, न समजणं दोन्हीकडनं असतं म्हणून.

गोटीची टेस्ट सुनेनं मागच्या महिन्यात घरी करून बघितली. डब्यात म्हणाला. तर पुढच्या लेखात "कळत नाही" ऐवजी काय कळतं, कधी आणि कसं, एवढं जरा सविस्तर छापा, ही विनंती.

परवा आजीची दाढ काढली, शेंगदाणे चावेनात, तरी हा बशीत ठेवतोयच. शेवटी ती म्हणाली, आज नको रे, दाढ दुखतीया. तो थांबला, मग एकेक शेंगदाणा उचलून माझ्या बशीत ठेवला. मला शेंगदाणे आवडतात असं मी कधी म्हटलेलं नाही, पण खाल्ले.

आपला वाचक,
एक आजोबा, मंगळवार पेठ, कोल्हापूर