मोराच्या ग्राफवरचा डाग माझाच, मामा

मामा,

नमस्कार. हे तुमच्यासमोर बसून सांगता आलं असतं. सोलापुरातली तुमची साखर पेठ माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. पण आभाराचा शब्द काढला की तुम्ही "ऊरुको अम्मा", म्हणजे तेलुगूत "राहू दे बाई", म्हणून हात झटकता, मामींना चहा टाकायला सांगता, आणि चहा येईपर्यंत विषय पाण्याच्या पाळीवर गेलेला असतो. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. चार लोकांनी वाचलं की तुम्हाला झटकता येणार नाही. शिवाय एक कबुलीही द्यायची आहे, ती समोर द्यायची माझी हिंमत नाही.

शाळेला सुट्टी लागली तेव्हा माझ्याजवळ एक वापरलेला कॅमेरा होता, त्याहून जुनी एक लांब लेन्स होती आणि सकाळी बाहेर भटकून फोटो काढायचे, दुपारी घरात बसून काहीतरी हाताने करायचं, असा बेत होता. आपल्याकडे दुसरा बेत करताही येत नाही. पारा ४३ च्या पुढे गेला की दुपारी नवी पेठसुद्धा ओस पडते. साडेपाच ते आठ, एवढंच काय ते आपलं. त्या वेळात सिद्धेश्वर तलावाच्या काठावर पंख वाळवणारे पाणकावळे काढले, भुईकोटाच्या तटावरचे पोपट काढले. दुपारी आईच्या जुन्या चादरीतून कॅमेऱ्याची पिशवी शिवली. सोलापुरी चादर ती, घडी घालून मशीनखाली सरकवली तर तीन सुया मोडल्या. पिशवी मात्र अजून टिकून आहे.

नान्नजला दोनदा गेले. बार्शी रस्त्यावर वीसेक किलोमीटर. माळढोकासाठी १९७९ साली राखलेलं ते अभयारण्य, आणि माळढोक आता जवळजवळ गोष्टीपुरताच उरलेला. तो दिसेल अशी आशा मी ठेवलीच नव्हती, असं घरी सांगितलं होतं. ठेवली होती. दिसली ती काळविटं. भरपूर दिसली, पण घरी येऊन पाहते तर एकूणएक फोटो पाण्यातून काढल्यासारखे हललेले. लेन्स विकणाऱ्याने "एकदम क्लिअर आहे मॅडम" म्हणून दिलेल्या लेन्समध्ये बुरशीचं जाळं निघालं होतं, तेव्हा सगळा दोष मी त्याच्या माथी मारून मोकळी झाले. खरं कारण साधं होतं. मी नऊ वाजता पोचले होते. तोवर माळ तापतो, जमिनीलगतची हवा थरथरते आणि लांबच्या लेन्समध्ये ती थरथर कितीतरी पटींनी मोठी होऊन येते. दुसऱ्या खेपेला अंधारातच निघाले. उजाडता उजाडता रस्त्याच्या कडेला, गाडीतूनच, माळटिटवी मिळाली. डोक्यावर काळी टोपी, तिच्याखाली पांढरी पट्टी, डोळ्यांपुढे लोंबणारा पिवळा पडदा, काड्यांसारखे पिवळे पाय. जवळपास अंडी असावीत, तिची ओरड तशी होती. हे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात आणि उन्हात पोटाची पिसं भिजवून आणून त्यांच्यावर बसतात. म्हणून खाली उतरले नाही. पाच फोटो काढून निघाले.

ती टिटवी विणायची, असं डोक्यात घेतलं. जुन्या फोटोफ्रेमला खिळे ठोकून माग केला. सूत आणायला गेले तर दुकानदार किलोच्या खाली बोलेना. चार रंग, प्रत्येकी शंभर ग्रॅम मागणारी बाई त्याने पहिल्यांदाच पाहिली असावी. कोपऱ्यातल्या स्टुलावर तुम्ही बसला होता. "कशाला पाहिजे?" विचारलंत. मी कॅमेऱ्यावर फोटो दाखवला. तुम्ही चष्मा वर करून बराच वेळ पाहिलंत आणि म्हणालात, "पक्षी चांगलाय की. बाकीचं कशाला घेतलंय?"

बाकीचं म्हणजे गवत, दगड आणि मागे विजेचा एक खांब. तो खांब मला तोवर दिसलाच नव्हता.

मग तुमची ती माडीवरची खोली. चाळीस वर्षं चादरींचे ग्राफ, म्हणजे चौकोनी कागदावर नक्षीचे आराखडे, काढणाऱ्या माणसाची खोली कशी असते ते मला माहीत नव्हतं. कडेला गुंडाळ्याच गुंडाळ्या, एकात मोर, एकात कमळ, एकात नुसती किनार. आता हे सगळं कॉम्प्युटरवर होतं, तुम्हाला कोणी बोलवत नाही, हे तुम्ही इतक्या सहज सांगितलंत की काय बोलावं ते मला कळलं नाही. तुम्ही लगेच टेबलावर ग्राफ पसरलात आणि शिकवायला लागलात. एक चौकोन म्हणजे एक उभा दोरा आणि एक आडवा दोरा भेटतात ती जागा. चौकोन रंगवला तर उभा दोरा वर, कोरा ठेवला तर खाली. त्यावरून पुठ्ठ्याला भोकं पाडायची. मागावर नक्षीचे दोरे उचलणारं यंत्र म्हणजे जेकार्ड, त्याच्यावर पुठ्ठा आला की जिथे भोक आहे तिथे सुई आत जाते आणि तिचा दोरा उचलला जातो, भोक नाही तिथला दोरा खालीच राहतो. एका आडव्या दोऱ्याला एक पुठ्ठा, आणि असे सगळे पुठ्ठे एका माळेत ओवलेले. "थोडासा वर असं मागाला कळत नाही, बाई," तुम्ही म्हणालात. मी वीस वर्षं गणित शिकवते. शून्य आणि एक इतक्या कमी शब्दांत मला वर्गात कधी सांगता आलेलं नाही.

आपल्या घरातली चादर मी त्या दिवशी पहिल्यांदा उलटून नीट पाहिली. वरच्या बाजूला जो रंग नक्षीचा, तो खाली जमिनीचा. लहानपणापासून ती पांघरते आहे.

तुम्ही मला चारच रंग दिलेत: काळा, पांढरा, पिवळा आणि मातकट. कारखान्यात कोनच्या तळाशी उरलेलं सूत, पैसे घेतले नाहीत. मी शाळेच्या चौकोनी वहीवर टिटवी काढली. साठ चौकोन रुंद, साठ उंच. आठ दिवस दुपारभर विणत होते. नंतर फ्रेम घेऊन आले तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत, पण मामी मांडीवरचं विड्यांचं सूप बाजूला ठेवून पुढे झाल्या आणि त्यांना हसू आवरेना. "काय बाई, बदक करायलाव काय?"

बदकच झालं होतं. पाय आखूड, मान गायब. मी उभे दोरे इंचाला सहा लावले होते आणि आडवे दोरे दाबून दाबून इंचाला बारा बसले होते. म्हणजे कागदावर चौकोन असला तरी विणीत तो चौकोन नव्हताच. रुंदीच्या निम्मीच त्याची उंची. दहा इंच रुंद टिटवी पाच इंच उंच झाली. तुम्ही गुंडाळ्यांतून एक वेगळा ग्राफ काढलात, बुटक्या आडव्या घरांचा, आणि म्हणालात की कापडात इंचाला उभे किती, आडवे किती, ते पाहून ग्राफचा कागद निवडायचा असतो. चित्र नंतर. हे मला आधीच सांगता आलं असतं ना, मामा? मी तेव्हा विचारलंही. "मग तुम्ही विसरला असता," एवढंच म्हणालात. आठ दिवसांची मेहनत गेली म्हणून मी त्या संध्याकाळी घरी चिडचिड केली, हेही लिहून ठेवते.

मामींचे आभार वेगळे मानायला हवेत. त्या बोलता बोलता विड्या वळत असत. पानावर पत्र्याचं माप ठेवून कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोऱ्याची गाठ, आणि नजर माझ्या फ्रेमवर. दोरा संपला की नवा कुठे जोडायचा, टोक मागे कसं दडवायचं, हे त्यांनी विड्यांच्या दोऱ्यावरच करून दाखवलं. आणि टिटवीची मान दुसऱ्या खेपेला जमली ती त्यांच्यामुळे. "टोपीखालची पांढरी पट्टी दोन घरं जाड कर," म्हणाल्या. फोटोत पट्टी तेवढी जाड नाही. विणीत तशी केली आणि पक्षी लगेच ओळखू आला. त्यांनी दिलेली आवकायची, म्हणजे कैरीच्या तेलुगू लोणच्याची, बरणी आम्ही पंधरा दिवसांत संपवली. बरणी धुऊन ठेवली आहे, ती रिकामी परत करायची नाही असं आईचं म्हणणं आहे.

उन्हाळ्यातला सगळ्यात चांगला दिवस कोणता असं मला विचारलं तर मी हत्तरसंग कुडलचा रविवार सांगेन. भावाची गाडी, मागे तुम्ही दोघं, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. भीमा-सीनेच्या संगमावर पाणी अगदी ओढ्याएवढं होतं. मला संगमेश्वराच्या देवळातल्या शिलालेखाचा फोटो हवा होता. शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा. शिलालेखांचे अभ्यासक आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला आणि आपल्या मराठीचा एवढा जुना लेख आपल्याच जिल्ह्यात आहे हे कळलं. मी वर्गात तो दरवर्षी सांगते आणि प्रत्यक्ष पाहिला नव्हता. अक्षरांवर बाजूने उजेड टाकल्याशिवाय ती उठून दिसत नाहीत, म्हणून भाऊ मोबाईलचा टॉर्च घेऊन कडेला वाकून उभा राहिला. फोटो बरा आला.

पण तुम्ही तोवर बहुमुखी शिवलिंगापाशी जाऊन बसला होता. अंगावर रांगेने कोरलेली ३५९ मुखं, आणि लिंग स्वतः धरून ३६०. तुम्ही आधी म्हणालात, "हे तर रिपीट आहे." चादरीत एक नक्षी पुन्हापुन्हा येते तसं. मग जवळ सरकलात, बोटाने हवेतच एक रांग मोजलीत, दुसरी मोजलीत. बऱ्याच वेळाने म्हणालात, "नाही. प्रत्येक तोंड वेगळं आहे. एवढे पुठ्ठे कोण पाडणार?" त्या क्षणी मी तुमचा फोटो काढला. शिवलिंग त्यात अर्धवटच आलं आहे. तुम्ही पूर्ण आलात. या उन्हाळ्यातल्या नऊशे फोटोंपैकी मला ठेवावासा वाटलेला तो पहिला.

आता कबुली. मेच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही खाली कोणाशी तरी बोलायला गेला होता. मी चहाचा पेला ठेवला तो मोराच्या ग्राफवर. उचलला तेव्हा पिसाऱ्याच्या डाव्या कोपऱ्यात गोल डाग. मी गुंडाळी करून ती सगळ्यांच्या मागे ठेवली आणि तुम्ही आल्यावर हवापाण्याच्या गप्पा मारल्या. तुम्हाला कळलं नसेल असं मला महिनाभर वाटत होतं. पण नंतर मी आले की माझा चहा तुम्ही खिडकीत ठेवायला लागलात, तेव्हा कळलं की कळलं आहे.

म्हणून, पुढच्या खेपेला तुम्ही बाहेर गेलात तेव्हा मामींना सांगून मी त्या कोपऱ्याचा मोबाईलवर फोटो काढून नेला. तेवढाच भाग तुमच्या ग्राफसारख्याच बुटक्या घरांच्या कागदावर पुन्हा उतरवला आहे. तेव्हापासून रोज रात्री अर्धा तास. तुमच्या हाताची एक गोष्ट तेव्हा दिसली: जिथे सुताचा लांब टाका मोकळा सुटला असता, तिथे तुम्ही मधेच एक घर भरून तो बांधून टाकला आहे. नक्षीत ते घर दिसत नाही, पण ते नसतं तर पांघरणाऱ्याच्या पायाच्या बोटात दोरा अडकला असता.

नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ बघायला आम्ही सगळे येणार आहोत. टिटवी आणेन, आता तिला पाय आहेत. बरणी आणेन, भरलेली. आणि तो कोपरा आणेन. त्यात तीन घरं चुकली आहेत, मी दोनदा मोजलं, कुठली ते मला सापडत नाही. तुम्हाला पाहताक्षणी दिसतील. पण चहा झाल्यावर सांगा. पेला मी खिडकीतच ठेवेन.

तुमची,
टिटवीवाल्या बाई