बद्रीनाथला जाण्याची एवढी घाई कशाला?

महोदय,

चारधाम यात्रा कमी दिवसांत बसवण्याच्या नादात आपल्याकडचे बरेच सहल-आयोजक बद्रीनाथच्या वाटेवरचं अलकनंदा नदीचं खोरं नुसतं बसच्या खिडकीतून दाखवतात. देवप्रयागच्या घाटावर लोखंडी साखळी धरून उभं राहावं आणि भागीरथी-अलकनंदेचे दोन वेगळे रंग एकमेकांत मिसळताना पाहावेत. तिथे घाईघाईचा थांबा म्हणजे अन्यायच. रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयागला मुक्काम केला, तर तिथल्या लोकांना चार पैसे मिळतील, बद्रीनाथच्या अलीकडच्या जोशीमठ या डोंगरी गावावरचा भारही हलका होईल. जोशीमठ जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलंय, तिथे जड बांधकाम नको, असं सरकारने नेमलेल्या मिश्रा समितीने १९७६ मध्येच बजावलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या शेकडो घरांना तडे गेले. आयोजकांनी निदान भर पावसाळ्यातल्या सहली तरी बंद कराव्यात.

– एक वाचक, सातारा