टॅक्स, चहा आणि तेरा थकबाकीदार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सॅलरी स्लिप वाचून दाखवलीस, फेडरलचे एवढे गेले, स्टेटचे एवढे, सोशल सिक्युरिटीचे वेगळे, आणि वर म्हणालीस की मी इथे एचवनबी व्हिसावर, मला मत नाही, मग हे लोक कुठल्या हक्काने कापतात. बाबा हसले, पण मला प्रश्न आवडला. अगं तू एकटी नाहीस, वॉशिंग्टन डीसीच्या लोकांना सिनेटर नाही आणि लोकसभेत मत देणारा खासदार नाही, टॅक्स मात्र पूर्ण, म्हणून ते गाड्यांच्या नंबरप्लेटवरच ही तक्रार छापून फिरतात. अमेरिकेचा सुरुवातीचा सगळा इतिहास ह्याच भांडणाचा आहे. माझी नोकरी नगरपालिकेच्या घरपट्टी खात्यात गेली, त्यामुळे मी इतिहास वाचताना आधी बघते की पैसे कोण मागतंय आणि समोरचा का देत नाहीये. भाषणं नंतर.

तुझ्या रिचमंडपासून जेम्सटाउन तासाभरावर. गेल्या उन्हाळ्यात आपण गेलो तेव्हा तू फोटो काढण्यात गुंग होतीस म्हणून सांगते. १६०७ मध्ये तिथे उतरलेली माणसं देश वसवायला आलीच नव्हती, ती लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीची माणसं, शेअर विकून पैसा उभा केलेला, सोनं सापडेल अशी आशा. जमीन तिथल्या मूळच्या पाउहाटन लोकांची, त्यांना कोणी विचारलं नाही. सोनं मिळालं नाहीच, १६०९-१० च्या हिवाळ्यात अशी उपासमार झाली की साधारण ५०० माणसांतली ६० उरली. मग त्यांच्यातल्याच जॉन रॉल्फने तंबाखू लावली आणि कंपनीचा जीव कसाबसा वाचला, पुढे तर तंबाखू हेच तिथलं चलन झालं.

मला खरी गंमत वाटते ती १६१९ ची. ३० जुलैला तिथल्या चर्चमध्ये वस्त्यावस्त्यांचे मिळून २२ प्रतिनिधी बसले, अमेरिकेतली अशी पहिली सभा. उकाडा इतका की एक प्रतिनिधी सभा चालू असतानाच वारला आणि सहा दिवसांत सगळं गुंडाळावं लागलं. पण उठायच्या आधी त्यांनी काय ठरवलं बघ, १६ वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाने, मालक असो की नोकर, एक पौंड उत्तम तंबाखू जमा करायची आणि त्यातून सभेच्या स्पीकरला, क्लार्कला मेहनताना द्यायचा! म्हणजे लोकशाहीने पहिल्याच बैठकीत क्लार्कच्या पगाराची सोय केली, आम्हा खात्यातल्या माणसांना ह्याहून काय हवं. आणि हेही लक्षात ठेव की त्यानंतर महिन्याभरातच, ऑगस्ट संपता संपता, जेम्सटाउनच्याच नदीच्या मुखाशी पॉइंट कम्फर्टला वीसेक आफ्रिकन माणसं जहाजातून उतरवली आणि धान्याच्या बदल्यात दिली. सभा आणि हा व्यापार, दोन्ही एकाच उन्हाळ्यातले.

१६२४ मध्ये कंपनी बुडाली, इंग्लंडच्या राजाने कारभार घेतला, पण सभा राहिली. बाकीच्या कॉलन्यांतही, म्हणजे इंग्रजांच्या तिथल्या वसाहतींत, तसंच होत गेलं. राजाचा गव्हर्नर यायचा पण बऱ्याच ठिकाणी त्याचा पगार सभेच्या हातात, त्यामुळे गव्हर्नरसाहेब फार ताठ वागू शकत नसत. दीडशे वर्षं ही सवय लागली की आमचा टॅक्स आमचीच सभा ठरवणार.

आणि मग १७६३ ला फ्रान्सबरोबरचं मोठं युद्ध संपलं, ब्रिटनवरचं कर्ज जवळजवळ दुप्पट झालेलं. लंडनचं म्हणणं, तुमच्या रक्षणाला सैन्य ठेवलंय, थोडा भार तुम्ही उचला. वसुलीत आयुष्य गेलेल्या बाईला हे म्हणणं अगदीच चूक वाटत नाही हं, तिकडचे लोक कॉलनीवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त टॅक्स भरत होते. पण पद्धत चुकली. १७६५ चा स्टॅम्प अ‍ॅक्ट, म्हणजे कोर्टाचे कागद, वर्तमानपत्र, पत्त्यांचा कॅट, सगळ्यावर स्टॅम्प. आता ज्यांच्या धंद्यावर हे येणार ते कोण, तर वकील, छापखानेवाले आणि दारूच्या गुत्त्यांचे मालक, गावात सगळ्यात जास्त बोलणारे लोक! बॉस्टनला स्टॅम्प वाटायचं काम मिळालेल्या अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा १४ ऑगस्टला झाडाला टांगला, रात्री त्याच्या घरात घुसून मोडतोड केली, त्याने घाबरून काम सोडलं. कायदा लागू व्हायच्या दिवशी, १ नोव्हेंबरला, बहुतेक ठिकाणी स्टॅम्प विकायला माणूसच नव्हता. पुढच्या मार्चमध्ये पार्लमेंटने कायदा मागे घेतला, आणि त्याच दिवशी दुसरा ठराव केला की आम्हाला तुमच्यावर वाटेल तो कायदा करायचा हक्क आहे. म्हणजे पैसे पण नाहीत आणि भांडण पण कायम.

चहाचं तुला माहीत आहे, पण एक बहुतेकांना माहीत नसतं की १७७३ च्या टी अ‍ॅक्टने चहा महाग नाही, स्वस्त झाला होता. ईस्ट इंडिया कंपनी, आपलीच ती, कर्जात बुडालेली, गोदामात चहा पडून, तिला वाचवायला थेट अमेरिकेत विकायची सवलत दिली. पौंडामागे तीन पेन्सचा जुना टॅक्स तेवढा ठेवला, आणि लोक अडले ते त्या तीन पेन्सवर, कारण एकदा भरला की हक्क मान्य केल्यासारखं. (व्यापाऱ्यांचा धंदा बसणार होता हेही होतंच.) १६ डिसेंबरच्या रात्री बॉस्टनच्या लोकांनी चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या. चहा चीनचा बरं का, आसामचा तेव्हा कुठे होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इकडे शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, आणि त्या गोंधळात मुंबईतली हीच कंपनी राघोबादादांना हाताशी धरून घुसली.

पुढचं भराभर सांगते. ब्रिटनने बॉस्टन बंदर बंद केलं, १७७४ ला फिलाडेल्फियात जॉर्जिया सोडून सगळ्या कॉलन्यांचे प्रतिनिधी जमले, एप्रिल १७७५ ला गोळ्या सुटल्या, जुलै १७७६ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा, ऑक्टोबर १७८१ ला यॉर्कटाउनला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस शरण. हाच कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला, टिपूविरुद्ध हरिपंत फडक्यांबरोबर लढला आणि बंगालची जमीनवसुली कायमची ठरवून गेला.

शाळेत इथे टाळ्या वाजतात आणि धडा संपतो. माझ्या मते खरा धडा इथून पुढे आहे. राजाच्या टॅक्सचा एवढा धसका घेतला होता की नव्या देशाची पहिली घटना केली त्यात केंद्राला टॅक्स लावायचा अधिकारच दिला नाही. काँग्रेसने, म्हणजे केंद्राच्या सभेने, तेरा राज्यांना पत्र पाठवायचं, तुमचा वाटा एवढा, कृपया भरावा. हे आपल्या सोसायटीच्या मेंटेनन्ससारखं, चेअरमन नोटीस लावतो आणि तेराच्या तेरा फ्लॅटवाले म्हणतात आधी शेजारच्याचं बघा. नियम बदलायचा तर तेराही हवेत. आयातीवर ५ टक्के कर घेऊ द्या अशी विनंती केली, ऱ्होड आयलंडने नाही म्हटलं, झालं, बारगळलं. पुन्हा प्रयत्न केला तर न्यूयॉर्क आडवं. जून १७८३ मध्ये पगार थकलेल्या सैनिकांनी फिलाडेल्फियात काँग्रेसलाच वेढलं आणि जिंकलेल्या देशाचं सरकार पळून प्रिन्स्टनला गेलं!

सैनिकांना पैशाऐवजी पुढे पैसे देऊ असे वायद्याचे कागद दिले होते. गरजेपोटी त्यांनी ते कवडीमोलाने सटोडियांना विकले. मग मॅसॅच्युसेट्स राज्याने त्याच सटोडियांची देणी फेडायला शेतकऱ्यांवर जबर टॅक्स लावला, तोही नाण्यात, आणि शेतकरी कोण तर बरेचसे हेच जुने सैनिक. म्हणजे स्वतःचाच थकलेला पगार दुसऱ्याला द्यायला ह्यांनी जमिनी घालवायच्या. डॅनिएल शेज नावाचा माजी कॅप्टन आणि त्याच्यासारखे लोक कोर्टं बंद पाडायला निघाले, जानेवारी १७८७ ला स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले, तोफा चालल्या, चार माणसं मेली. सरकारची तिजोरी रिकामी, त्यामुळे बंड मोडायला बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली. वर्गणीवर चालणारं सैन्य बघून स्वातंत्र्ययुद्धातला सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन आणि त्याच्यासारखे लोक हादरले.

त्याच उन्हाळ्यात फिलाडेल्फियात खिडक्या लावून नवी घटना लिहिली. ऱ्होड आयलंड आलंच नाही, थकबाकीदार मिटिंगला कशाला येतोय. मोठ्या आणि छोट्या राज्यांची तडजोड वगैरे तू वाचशील, मी एकच सांगते. १७८३ ला वर्गणी लोकसंख्येवर ठरवायची चर्चा झाली होती, तेव्हा दक्षिणेकडचे म्हणत होते आमचे गुलाम मोजू नका, म्हणजे कमी भरावं लागेल. शेवटी पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असा हिशोब निघाला. १७८७ ला प्रश्न आला कुठल्या राज्याला खासदार किती, तर आता तेच दक्षिणवाले म्हणे सगळे गुलाम मोजा! आणि उत्तरेचे म्हणे मोजू नका. तेव्हा तोच तीन-पंचमांशाचा जुना आकडा काढून घटनेत घातला. वसुलीच्या वहीतला हिशोब, आणि माणसांच्या नशिबी किती वर्षं राहिला.

१७८९ ला वॉशिंग्टनने अध्यक्षपदाची शपथ घेतली आणि नव्या काँग्रेसच्या अगदी पहिल्या कायद्यांपैकी एक म्हणजे आयातकर, सही झाली ४ जुलैलाच. माझ्या हिशेबी देश त्या दिवशी झाला, १७७६ ला नुसता जाहीर झाला होता. मग त्याचा अर्थमंत्री हॅमिल्टनने राज्यांचंही कर्ज केंद्राच्या डोक्यावर घेतलं आणि ते फेडायला व्हिस्कीवर टॅक्स लावला. पश्चिम पेनसिल्व्हेनियाचे शेतकरी भडकले, वसुली अधिकाऱ्यांना डांबर पिसं फासली, राजाविरुद्धची सगळी जुनी वाक्यं परत बाहेर काढली. ह्या वेळी १७९४ ला स्वतः वॉशिंग्टन तेराएक हजारांची फौज घेऊन निघाला. लढाई झालीच नाही, पांगले सगळे. दोघांना राजद्रोहाची शिक्षा झाली, ती वॉशिंग्टननेच माफ केली, आणि तो टॅक्स कधी नीट गोळा झालाच नाही, १८०२ ला तेव्हाचा अध्यक्ष जेफरसनने काढून टाकला.

यॉर्कटाउन राहिलंय, पुढच्या खेपेला माझे गुडघे बरे असले तर जाऊ. लाडू पोस्टाने पाठवलेत, कस्टमला डिंक म्हणजे काय ते तूच समजावून सांग. बाबांचे आशीर्वाद.

तुझी,
आई