सायनस 'घालवायचा' म्हणजे काय घालवायचं?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत 'सायनस कायमचा घालवा' असा लेख आला आणि सोमवारी मी शटर वर करतो न करतो तोच दोघं जण त्याचं कात्रण घेऊन दारात हजर. माझं इथे नागपुरात महाल भागात औषधांचं दुकान आहे, वीसेक वर्षं काउंटरवर उभा आहे, 'भाऊ, सायनसची गोळी द्या ना' हे रोजचंच, पण कात्रण घेऊन कोणी पहिल्यांदाच आलं.

आता मला सांगा, सायनस घालवायचा म्हणजे नेमकं काय घालवायचं? तो आजार नाहीच हो. चेहऱ्याच्या हाडांमधल्या त्या पोकळ्या आहेत, तुम्हालाही आहेत, मलाही आहेत, त्या लेख लिहिणाऱ्यांनाही असणार. चार जोड्या. गालाच्या हाडात, भुवयांच्या वर कपाळात, नाक आणि डोळ्याच्या मधे मधाच्या पोळ्यासारखी बारीक बारीक घरं, आणि एक जोडी पार आत, नाकाच्या मागे. दुखणं होतं ते त्यांच्या आतलं अस्तर सुजल्यामुळे, त्याला सायनुसायटिस म्हणतात, पण एवढं मोठं नाव कोण घेणार म्हणून सगळे 'सायनस झाला' म्हणून मोकळे होतात. परवा एक ताई दोन वर्षाच्या पोराला घेऊन आल्या, म्हणे याला कपाळात सायनस झाला, वरून लेखाचा दाखला. अहो, कपाळातली पोकळी जन्मतः नसतेच, ती पोर वाढत जातं तशी हळूहळू तयार होते. पोराला साधी सर्दी होती.

गालातली पोकळी सगळ्यात मोठी, मोठ्या माणसात साधारण 15 मिली, म्हणजे खोकल्याच्या औषधाचं टोपण काठोकाठ भरलं तर तेवढी. गंमत अशी की हिचं भोक तळाला नाही, वर छताजवळ आहे. मिस्त्रीनं मोरीचं भोक भिंतीत वरती ठेवलं तर आपण त्याला काय काय म्हणू, पण इथे तसंच आहे आणि चालतंही, कारण आतल्या अस्तरावर डोळ्याला न दिसणारे केस असतात आणि ते शेंबूड ढकलत ढकलत वर त्या भोकापर्यंत नेतात. सर्दीनं भोकाच्या आजूबाजूला सूज आली, केस मंदावले की माल आतच तुंबतो, मग खाली वाकलं की गाल जड, डोकं जड. लेखात ह्यातलं एक अक्षर नाही, ओव्याची पुरचुंडी मात्र तीनदा.

दुसरं म्हणजे 'नाकाचं हाड वाढलं'. हे तर अर्ध्या नागपूरला झालेलं आहे! बहुतेक वेळा वाढलेलं काही नसतं, मधला पडदा एका बाजूला वाकलेला असतो, तो थोडाफार तर खूप जणांचा असतोच, नाहीतर नाकाच्या आत बाजूच्या भिंतीवरचे टर्बिनेट, म्हणजे अस्तर चढलेले हाडाचे उंचवटे, सुजलेले असतात. आणि हे टर्बिनेट तसेही आलटून पालटून फुगतात, काही तास डावं, काही तास उजवं, म्हणून रात्री एक नाकपुडी बंद वाटली तर घाबरायचं कारण नाही. पण लोक घाबरतात, नाक मोकळं करायचे थेंब नेतात, आणि तीन-चार दिवसांच्या वर टाकत राहिले की थेंबाचा असर उतरताच नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदतं. माझं एक गिऱ्हाईक वर्षभर खिशात बाटली ठेवून फिरायचं. मी देणं बंद केलं तर पुढच्या दुकानातून नेऊ लागलं, काय करता.

माझ्या वहिनीला दोन महिने एकाच नाकपुडीतून घाण वास यायचा, वाफा घेऊन घेऊन चेहरा लाल झाला, शेवटी निघाली वरची किडलेली दाढ. वरच्या दाढांची मुळं गालाच्या पोकळीच्या तळाला अगदी खेटून असतात, तिथून पू वर गेला होता. दाढ काढली, वास गेला.

आणि 2021 चा मे कोणी विसरलं नसेल. काळ्या बुरशीच्या इंजेक्शनसाठी रात्री-बेरात्री फोन यायचे, माझ्याकडे एक कुपी नव्हती. ती बुरशी नाकातून, ह्याच पोकळ्यांमधून डोळ्यात जायची, कारण मधलं हाड कागदासारखं पातळ आहे. म्हणून शुगर असलेल्या माणसाच्या गालावर, डोळ्याभोवती सूज आली किंवा दोन दोन दिसायला लागलं तर त्याला ओवा-बिवा करत बसायला वेळ नसतो, त्याच दिवशी कान-नाक-घसावाल्यांकडे न्यायचं. हे लेखात पाहिजे होतं.

तर विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत नाकाचं एक साधं चित्र छापा, पोकळ्या कुठे, भोकं कुठे, दाढ कुठे. मी ते काउंटरच्या काचेखाली लावतो.

एक औषध दुकानदार, महाल, नागपूर

ता. क. त्याच पानावर खाली चौकटीत घोळणा फुटला तर मान मागे टाका असं छापलंय. इथे पारा 45 वर गेला, दिवसभर कोरडी गरम हवा नाकात गेली की पोरांचे घोळणे फुटतातच, तेव्हा हे आधी सुधारा. मान मागे टाकली की रक्त घशात उतरतं. बसवायचं, पुढे वाकवायचं, नाकाचा खालचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरून ठेवायचा, मधे मधे सोडून बघायचं नाही, आणि तरी थांबलं नाही तर सरळ दवाखाना.