‘च’ची मेख

संपादक महोदय,

बोरिवलीहून सकाळची लोकल चुकली की माझा दिवस नासायचा. ‘वेळेवर पोहोचलंच पाहिजे!’ या ‘च’मधली मेख मला मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांच्यामुळे कळली. त्रास घटनेपेक्षा आपल्या हट्टाचा जास्त, हे ते १९५५पासून सांगत आले. फ्रॉइडची मनोविश्लेषणाची वाट सोडून प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसकडे वळलेला हा माणूस. मला मात्र आवडतो तो एकोणीस वर्षांचा लाजरा एलिस. न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात महिनाभर तो शंभरावर अनोळखी मुलींशी बोलायला गेला. भेटायला एकच कबूल झाली, तीही आली नाही! भीती तेवढी गेली. (राणीच्या बागेत कोणी हा प्रयोग करू नये.) २००७मध्ये ते वारले. मी मात्र शाळेत ‘च’ शुद्धलेखनापुरताच शिकवला.

– एक निवृत्त शिक्षिका, बोरिवली