बाबा, नळ तुम्ही बदला. स्लॅबला हात लावू नका

बोरिवली, मुंबई

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गणपतीपूर्वी घरातील कामे उरकण्याची जी यादी बाबांनी परवा फोनवर वाचून दाखवली, तिच्याविषयी हे पत्र आहे. फोनवर हा विषय ‘बघू’ म्हणून संपतो, म्हणून सविस्तर लिहिते आहे. यादीत चार कामे आहेत: स्वयंपाकघरातील ठिबकणारा नळ, गिझर लावला की पडणारा एमसीबी (जादा वीज वाहू लागली की पुरवठा तोडणारा बोर्डावरचा स्विच), न्हाणीघराबाहेरच्या पॅसेजमध्ये सुटलेला छताचा गिलावा, आणि आईच्या सोयीसाठी शेगडी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला नेणे. ही चारही कामे स्वतः करण्याचा बाबांचा बेत आहे. माझ्या मते पहिले काम त्यांनीच करावे आणि उरलेली तीन त्या त्या जाणकाराकडे सोपवावीत.

रेल्वेच्या परळ वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाला पाना कसा धरावा हे मी शिकवावे, असा माझा मुळीच हेतू नाही. काम आपण करावे की माणूस बोलवावा हे ठरवताना मी एवढेच पाहते, की हातून चूक झाली तर ती लगेच दिसेल का आणि तिचा त्रास आपल्याच घरापुरता राहील का. नळाचा वायसर वाकडा बसला तर पाच मिनिटांत थेंब पडू लागतो. आपण कॉक बंद करतो आणि तो पुन्हा बसवतो. भिंतीतील तारेचा सांधा सैल राहिला तर महिनोन्महिने काहीच दिसत नाही, आणि दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

तेव्हा नळाचे काम बाबांनी खुशाल करावे. तो पाव फेरीत उघडणारा नळ असेल तर त्यात वायसर नसून सिरॅमिकचे कार्ट्रिज, म्हणजे पाणी अडवणारा अख्खा बदलायचा भाग, असतो. जुने कार्ट्रिज काढून हार्डवेअरच्या दुकानात नमुना म्हणून न्यावे, कारण दोन कंपन्यांची कार्ट्रिज एकमेकांना बसतीलच असे नाही. फ्लश टाकीचा फ्लोट, दाराच्या बिजागऱ्या, न्हाणी ट्रॅपची (न्हाणीतील पाणी वाहून जाण्याच्या तोंडाची) सफाई ही कामेही तुमचीच. फक्त माळ्यावर किंवा स्टुलावर चढायचे असेल तेव्हा शेजारच्या एखाद्या मुलाला हाक मारावी. आईने खालून स्टूल धरून ठेवणे ही सुरक्षिततेची व्यवस्था नव्हे.

आता गिझर. बाबा म्हणाले की एमसीबी ‘नाजूक’ आहे, त्याजागी ३२ अँपिअरचा बसवला की तो पडणार नाही. पडणार नाही हे खरे, पण त्याचे पडणे हेच तर त्याचे काम आहे. आपला गिझर दोन किलोवॅटचा आहे. २३० व्होल्टला तो नऊ अँपिअरच्या आसपास विजेची ओढ करतो. सोळा अँपिअरचा एमसीबी त्याला सहज पुरायला हवा. तरीही तो पडतो याचा अर्थ गिझरच्या कॉइलमध्ये दोष असेल, कुठे तार उघडी पडली असेल, किंवा सैल स्क्रूमुळे जोड तापत असेल. आई म्हणते की गिझरचा स्विच हाताला गरम लागतो, त्यामुळे मला या शेवटच्या कारणाची शंका अधिक येते. अशा वेळी मोठा एमसीबी बसवला, तर भिंतीतील जुनी तार तिच्या ताकदीबाहेर तापू लागते आणि एमसीबी मात्र शांत राहतो. मग एमसीबी पडण्याआधी तारच जळते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. एमसीबी वाचवतो तो तारेला; माणसाला वाचवण्यासाठी आरसीसीबी लागते. तीस मिलिअँपिअरइतकी वीज वाट चुकून जमिनीकडे जाऊ लागली तरी ती पुरवठा तोडते, एवढ्याशा विजेने एमसीबीला काहीही होत नाही. गिझरची कॉइल फुटून पाण्यात वीज उतरली तर आधार असतो तो धड अर्थिंगचा आणि या आरसीसीबीचा. आपल्या बोर्डावर ती नाही, हे मी मागच्या वेळी आले तेव्हा पाहिले आहे. म्हणून परवानाधारक वायरमनला बोलवावे, त्याच्याकडून मेगर या यंत्राने तारांचे इन्सुलेशन तपासून घ्यावे, अर्थिंगही तपासून घ्यावे, आणि आरसीसीबी बसवून घ्यावी. त्याने नुसते बोर्ड उघडून ‘सब ठीक है’ म्हटले तर पैसे देऊ नयेत. आरसीसीबीवर चाचणीचे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून ती पडते का हे पाहणे मात्र बाबांचे काम. मीटरपर्यंतची जबाबदारी वीज कंपनीची आणि मीटरनंतरची आपली, त्यामुळे या कामासाठी त्यांच्या कार्यालयात खेपा घालण्याची गरज नाही.

सर्वांत जास्त काळजी मला पॅसेजच्या छताची वाटते. बाबांनी पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. गिलावा सुटलेल्या जागी दोन सळ्या उघड्या पडल्या आहेत, त्यांना पापुद्रे सुटले आहेत, आणि कडेने तपकिरी ओघळ आहेत. तिथे पांढरे सिमेंट भरून वरून पुट्टी आणि रंग दिला तर गणपतीत छत छान दिसेल यात शंका नाही. पण गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापते. ते आतून काँक्रीटला ढकलत राहते आणि त्यामुळेच गिलावा सुटतो. वरून पुट्टी लावली की गंज तसाच चालू राहतो, फक्त तो दिसेनासा होतो. या दुरुस्तीत आधी टेकू द्यावे लागतात, सुटलेले काँक्रीट सळ्यांच्या मागेपर्यंत फोडावे लागते, सळ्या घासून त्यांना गंजरोधक लेप द्यावा लागतो, सळी फारच बारीक झाली असेल तर जोडीला नवी घालावी लागते, आणि मग पॉलिमर मॉर्टरने (पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या मसाल्याने) जागा भरावी लागते. किती फोडायचे आणि कुठे थांबायचे हे नाक्यावरून आणलेल्या गवंड्याने ठरवायचे नसते. ते स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगायचे असते. तो येईपर्यंत बाबांनी फार तर लाकडी दांड्याने आजूबाजूला हलकेच ठोकून पाहावे आणि जिथे बद्द आवाज येईल तिथे खडूने खूण करावी. त्याखाली पलंग, खुर्ची काही ठेवू नये.

शिवाय पाणी येते कुठून हे न शोधता केलेली दुरुस्ती टिकत नाही. ओल फक्त पावसाळ्यात दिसत असती तर मी बाहेरच्या भिंतीवर संशय घेतला असता. पण आई सांगते की मे महिन्यातही तिथे हात ओला होत होता, म्हणजे वरच्या मजल्यावरील न्हाणीघर किंवा त्याचे पाइप ही शक्यता मोठी. वरच्यांच्या न्हाणीघराचा ट्रॅप बंद करून एक-दोन दिवस पाणी तुंबवून ठेवले की खुलासा होतो. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे गच्चीची, बाहेरच्या भिंतींची आणि सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते, तर सदनिकेच्या आतील गळतीचा खर्च त्या सभासदाचा असतो. वरच्यांशी आपले संबंध चांगले आहेत; ते तसे राहावेत म्हणूनच हे तोंडी न ठेवता सोसायटीमार्फत व्हावे असे मला वाटते.

आपली इमारत १९८४ सालची आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब प्रमाणे तीस वर्षांवरील इमारतीची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. ती शेवटची केव्हा झाली आणि तिच्या अहवालात काय लिहिले होते, हे विचारण्याचा सभासद म्हणून तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. घाटकोपरची साई सिद्धी इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळली आणि त्यात १७ माणसे गेली, हे तुम्ही दोघांनी टीव्हीवर पाहिले होते. तळमजल्यावर चाललेल्या बदलांच्या कामात खांबांना धक्का लावल्याचा आरोप तेव्हा झाला होता. आपल्या पॅसेजची तिच्याशी तुलना करून मी तुम्हाला घाबरवत नाही. आपल्या छतावर दुसऱ्याचे घर उभे असते, म्हणून ते छत एकट्याच्या मर्जीने दुरुस्त करायचे नसते, इतकेच सांगते.

आई, तुझ्या शेगडीचे थोडक्यात सांगते. पाइपचा गॅस असल्यामुळे जोडणी हलवायची ती महानगर गॅसच्या अधिकृत माणसाकडूनच. ते येईपर्यंत शेगडी आहे तिथेच राहू दे. रबरी नळी कडक झाली असेल किंवा तिला चिरा पडल्या असतील तर तीही त्याच खेपेत बदलून घे. सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का हे तू एरवीही पाहू शकतेस. वास आलाच तर आधी कॉक बंद कर, खिडक्या उघड आणि कुठल्याही स्विचला हात लावू नकोस, चालू असलेला दिवा बंद करण्यासाठीसुद्धा नाही.

बाबा, खर्चाचे मनावर घेऊ नका, तो मी पाहते. तुम्ही माझ्यासाठी एवढे करा की माणूस काम करत असताना शेजारी उभे राहा, आधी लेखी अंदाज घ्या, निम्म्याहून अधिक रक्कम आगाऊ देऊ नका, आणि बदललेला प्रत्येक जुना भाग त्याच्याकडून मागून घ्या. तुमच्या नजरेखाली कोणी सैल स्क्रू सोडून जाईल असे मला वाटत नाही.

सेक्रेटरींना द्यायच्या अर्जाचा मसुदा सोबत जोडला आहे. त्यात सदनिकेचा क्रमांक आणि तारीख तेवढी घाला, छताचे दोन फोटो लावा, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊन येऊ नका.

कळावे,
तुमची लेक